तिसरी घडी

"ज्यांच्या स्वतःच्या नावावर काही आहे त्यांनी हात वर करा बघू," असं ती पोरगी म्हणाली आणि माझा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. कोणी पाहिलं नाही. धुलाईघराच्या जेवणाच्या सुट्टीत आम्हा सगळ्या बायकांना घडीखात्यातल्या लांब टेबलांभोवती बसवलं होतं. बायकांनी बचत कशी करावी, पैसा कुठे गुंतवावा, हे सांगायला रुग्णालयाच्या कार्यालयाने तिला पाठवलं होतं. आमच्यात तिचं नाव बचतबाई पडूनही झालं होतं. पोरगी चांगली होती, जीव तोडून सांगत होती. पैसा नुसता झोपवून ठेवू नका, त्याला कामाला लावा, असं तिने म्हणताच इस्त्रीवाली मागून म्हणाली, "आमच्या घरी एक झोपलेला आहे, तो आधी कामाला लागू दे, मग पैशाचं बघू." सगळ्या हसल्या, बचतबाईही हसली. मी हसले नाही. मी माझ्या हाताकडे बघत होते. तो का उठला आणि का थांबला, दोन्ही मला कळत होतं. माझ्याकडे पैसे होते. वर्षानुवर्षांच्या पगारातून काढलेले, चांगले हाताला लागतील एवढे. पण ते माझ्या नावावर नव्हते, माझ्या घरात नव्हते, कुठल्या कागदावर नव्हते. ते कुठे आहेत हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. कोणाकडे आहेत, एवढंच ठाऊक होतं. डब्यातला पैसा दरवर्षी थोडा थोडा आटतो, असं बचतबाई सांगत होती. दिसायला तेवढाच, पण त्यात येणारं सामान कमी होत जातं. सुती कापड गरम पाण्यात आटतं ते मी जन्मभर पाहिलंय. पण आटलेल्या कापडाचा मालक निदान त्याच्याकडे बघू तरी शकतो.

मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघी लागतात. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची. पहिल्या दोन घड्या आपापल्या जागी उभं राहून घालायच्या. तिसऱ्या घडीला एकमेकींच्या अंगावर चालत यायचं आणि आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची. माझी जोडीदारीण माझ्याहून हातभर उंच होती. खात्यात तिला शिडी म्हणत आणि मला स्टूल. आमची चादर एका बाजूने नेहमी चढलेली असायची. मुकादम ओरडायचा, "अरे, त्या स्टुलाखाली कोणीतरी स्टूल द्या!" आणि तो ओरडत असतानाच, त्याच्या डोळ्यांसमोर, तिसऱ्या घडीला माझ्या तळव्यातली नोट तिच्या तळव्यात गेलेली असायची आणि तिची माझ्यात आलेली असायची. पगाराच्या दुसऱ्या दिवशी, एवढंच ठरलेलं. माझी बचत तिने सांभाळायची, तिची मी. कुठे ठेवलीस हे विचारायचं नाही, आणि ठेवताना समोर असलोच तर पाठ फिरवायची. माझा नवरा रंगारी होता. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. तो पैसे मागत नसे, शोधत असे. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पांढरा होऊन बसायचा आणि वर रडायचा, की माझ्यावर तुझा एवढाही विश्वास नाही का. पगार जमा व्हायचा ती वही माझ्या नावाची होती. तीच त्याने सगळ्यात आधी रिकामी केली होती. माझ्या नावावर जे जे होतं ते शोधायला त्याला कष्ट पडत नसत, कारण त्यावर माझं नाव असे. मग तो मला मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावी. मी बिनदिक्कत ठेवत असे. या घरात माझा एक पैसा नाही, म्हणून सांगत असे. शपथ खरी असे. घरात पैसे होते, पण ते शिडीचे होते, आणि त्याच वेळी तीही कुठेतरी अशाच कोणाच्या तरी डोक्यावर हात ठेवून उभी असणार.

व्याख्यान संपल्यावर मी बचतबाईला गाठलं. ती आपले कागद पिशवीत भरत होती. मला पाहून म्हणाली, "या मावशी. तुम्ही हात वर करता करता राहिलात." म्हणजे तिने पाहिलं होतं. मला एकदम तोंडावर उजेड पडल्यासारखं झालं. मी म्हटलं, पैसे आहेत, एका बाईकडे आहेत. "कोण बाई? नात्यातली?" नाही, चादरीतली, असं माझ्या तोंडून आलं आणि ती गोंधळली. मग मी नीट सांगितलं. तिने विचारलं, "काही लिहून घेतलंय?" मी म्हटलं, तेव्हा आम्हा दोघींनाही लिहिता येत नव्हतं. अक्षरं मी केस पिकल्यावर शिकले, चादरींच्या कोपऱ्यांवरच्या वॉर्डांच्या खुणांवरून. शिडीने तेवढीही शिकायला टाळाटाळ केली, आणि काम सोडून तिला आता बराच काळ लोटला होता. सोडताना तिने आपले पैसे मुलाच्या दुकानासाठी माझ्याकडून मागून घेतले होते. माझे तसेच राहिले. "तुम्ही का नाही मागून घेतले?" पोरीने विचारलं. नवरा गेलाय ना तुमचा, म्हणाली. गेलाय. तरी नाही घेतले. का, ते मला तिला सांगता आलं नाही. बाहेर कुठेतरी माझं काही ठेवलेलं आहे, अशा उबेत झोपायची मला सवय झाली होती, आणि शिडीच्या घरी जायला ते एक निमित्तही होतं. निमित्त केव्हाही आहेच, म्हणूनच बहुधा गेले नाही. बचतबाई हळू आवाजात म्हणाली, "मावशी, राग मानू नका. पण ज्याला पुरावा नाही ते आपलं नसतं. उद्या त्या नाही म्हणाल्या तर?" मी हसले. म्हटलं, "ती नाही म्हणणार नाही."

पैसे मला आता हवे होते. घडीखात्यात यंत्र आलं होतं. चादर एका तोंडाने गिळायचं आणि दुसरीकडून चौकोनी करून टाकायचं, तिसऱ्या घडीला त्याला कोणाच्या अंगावर चालून यावं लागत नव्हतं. वर्ष संपता संपता मला निरोप मिळणार होता. धुलाईघरामागच्या गल्लीत छापखान्याच्या वर एक खोली रिकामी झाली होती. एक खिडकी, एक मोरी, आणि आतून लागणारी कडी. मालकीणबाई अनामत मागत होती आणि महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाली होती. माझा मुलगा वाईट नाही. मी त्याच्याकडेच राहते, बाहेरच्या खोलीत, सगळ्यांचं दूरदर्शन बघून झालं की माझी झोपायची वेळ होते. "तुला वेगळी खोली कशाला, आई?" तो म्हणाला, "इथे काय कमी आहे?" कमी काहीच नाही. दार नाही. दार कमी आहे असं मुलाला कसं सांगायचं? बापासारखाच तोही रडवेला होतो लगेच.

शिडीच्या घरी गेले तेव्हा सुनेने दार उघडलं. मला बघून तिला बरं वाटलं, पण लगेच मागे वळून बघत कुजबुजली, "काकू, मनाला लावून घेऊ नका हं. आई हल्ली ओळखत नाहीत. परवा मला म्हणाल्या, सिस्टर, तुमची पाळी कधी संपते?" हे मला कोणी कळवलं नव्हतं. कळवायला मी कोण होते? शिडी खिडकीशी बसली होती. उंची तेवढीच, पण बसल्या बसल्या आत मोडल्यासारखी. मी समोर बसले. म्हटलं, "अगं, मी. स्टूल." तिने खोलीत नजर फिरवली आणि म्हणाली, "तिकडे कोपऱ्यात आहे बघा. ओढून घ्या." मला हसू आलं आणि ते हसू मध्येच कुठेतरी फाटलं. सून चहा टाकायला आत गेली. मी पुढे वाकले आणि हळूच म्हटलं, "माझे पैसे आहेत ना गं तुझ्याकडे?" तर तिचं तोंड एकदम बदललं. विझलेल्या खोलीत कोणीतरी दिवा लावावा तसं. ही माझ्या ओळखीची शिडी होती, मुकादम जवळ आला की डोळे बारीक करणारी. ती म्हणाली, "तुम्हाला कोणी पाठवलं?" कोणी नाही, मीच ती, मी म्हटलं. "पैसे तिचे आहेत. तिच्याशिवाय कोणाला मिळायचे नाहीत. तिचा नवरा येऊन गेला, बहीण येऊन गेली, आता तुम्ही." मी बाही वर केली. मनगटावरचा डाग दाखवला, वाफेच्या नळीने भाजलेला. त्या दिवशी तिनेच माझा हात थंड पाण्याच्या हौदात धरून ठेवला होता. तिने डाग नीट बघितला, बोट फिरवलं. म्हणाली, "तिलाही इथेच आहे. पण तिचा ताजा आहे. आणि ती तरणी आहे, बाई." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पाहिलं, आणि पाहताक्षणी खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "बघा. रडणाऱ्या बाईला द्यायचं नाही, असं तिने बजावून ठेवलंय मला."

बजावलं होतं. परतताना बसमध्ये मला ते आठवलं, आणि आठवलं म्हणजे उभ्याने आठवलं, एका हाताने वरचा दांडा धरून, पुढच्या माणसाच्या ओल्या कॉलरकडे बघत. नवऱ्याने एकदा माझ्या बहिणीला शिडीकडे पाठवलं होतं. त्याला कसा कोण जाणे संशय आला होता. बहीण रडून रिकामी परत आली. दुसऱ्या दिवशी चादर झटकताना मी शिडीला म्हटलं होतं, "आता तो मला पाठवेल. मी स्वतः आले आणि रडत असले तर समज, त्याने पाठवलंय. मला देऊ नकोस. मी हसत येईन तेव्हाच माझे पैसे माझे." तिने चादरीच्या दुसऱ्या टोकाकडून मान हलवली होती. किती शहाणी समजत होते मी स्वतःला! सगळ्या वाटा बुजवत गेले आणि शेवटची बुजवली ती माझीच. मला राग येत होता आणि तो कोणावर ठेवावा ते कळत नव्हतं. तिच्यावर ठेवावा तर तिने माझा शब्द पाळला होता. मुलाचं नाव, सुनेचं तोंड, स्वतःचं जेवण झालं की नाही हे सगळं तिच्या हातून सुटलं, आणि माझी नोट तिने मुठीत धरून ठेवली. बसमधल्या बायकांच्या मुठींकडे मी बघत राहिले. सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या होत्या. बँकेत असता पैसा, तर तो माझा आहे हे बँकेला लक्षात ठेवावं लागलं नसतं. कुठेतरी लिहून ठेवून ती मला विसरून गेली असती. बचतबाईला हेच म्हणायचं असेल. आणि तरीही, माझ्या नवऱ्याला, माझ्या बहिणीला, रडणाऱ्या मला, सगळ्यांना नाही म्हणेल अशी बँक मला कुठे मिळाली असती?

सुट्टीच्या दिवशी मी हसत गेले. जिन्यावरच हसायला सुरुवात केली. सून म्हणाली, "आज खुशीत आहात काकू?" मी म्हटलं, "हो गं, उगाच." शिडीने माझ्याकडे पाहिलं, तिला हसू आवडलं असावं, पण ओळख काही आली नाही. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, जबडा दुखेपर्यंत हसत. मग सुनेने गच्चीवरचे वाळलेले कपडे आणून पलंगावर टाकले. त्यात एक मोठी चादर होती. मी ठरवून काही केलं नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलंय. मी फक्त चादरीचं एक टोक उचललं. आणि शिडी उठली. सून म्हणाली, "आई, राहू द्या, पडाल!" पण तोवर तिने दुसरं टोक धरून असा झटका दिला की माझ्या खांद्यात कळ गेली. पहिली घडी. दुसरी. आमची चादर एका बाजूने चढली होती. मग ती चालत आली, मी चालत गेले, आणि तिसऱ्या घडीला तिचा तळवा माझ्या तळव्याला लागला आणि तिथे थांबला. वाट बघत. माझा हात रिकामा होता. तिच्या भुवया किंचित वर गेल्या, पगार नाही का झाला, असं विचारत असल्यासारख्या. मी घाईघाईने खिशातली परतीच्या भाड्याची नोट काढून दुमडली, आणि पुन्हा चादर उलगडून आम्ही पहिल्यापासून घडी घातली. या वेळी तिची मूठ मिटली. तोंडावर काहीही न दाखवता, चादर माझ्या हातांवर सोपवून ती आतल्या खोलीत गेली. आता मी पाठ फिरवायची होती. एवढ्या वर्षांत ज्या ज्या वेळी समोर होते त्या त्या वेळी फिरवली होती. मी फिरवली नाही. दाराच्या फटीतून बघितलं. तिने आपली झोपायची उशी उचलली, वरचा अभ्रा सारला, आतल्या दुसऱ्या अभ्र्यात कोपरापर्यंत हात घातला. मला पिठाचा डबा आठवला. बाहेर आले तेव्हा मी हसत नव्हते, आणि घरी चालत गेले, कारण भाडं तिच्याकडे होतं.

पुढचे दिवस मी खोली बघायला रोज गेले. नुसती उभी राहायची खिडकीशी, खालून छापखान्याचा धडधडाट पायांत यायचा. मालकीणबाई म्हणाली, "बाई, बघून बघून झिजेल ती. घेणार की नाही?" कडी लावून बघितली, काढून बघितली. पैसे माझे होते. माझे पैसे उचलणं ही चोरी कशी होईल? आणि न सांगता, ती नसताना, उशी फाडून उचलले तर ती चोरी नाही तर काय? सुनेला सांगावं, तर ती बिचारी खुर्चीत बसून विचार करणार की सासूच्या उशीतले पैसे सासूचे की या बाईचे, आणि लिहिलेलं काही नाही. शिडीच्या मुलाचं दुकान चालत नव्हतं, हे मला दिसतच होतं. पण मला खरी भीती त्याची नव्हती. शिडी रोज आत हात घालून बघत असणार. जागच्या जागी आहे ना. एक दिवस तिच्या बोटांना तिथे काही लागलं नाही, तर काय होईल? सगळं गेलं होतं तिचं, हे एकच कपाट कुलूप लावलेलं राहिलं होतं. ते मी फोडायचं, आणि तिने कोणाला सांगायचं? मला? मग मला एक गोष्ट सुचली आणि ती सुचल्यावर मला स्वतःजवळ बसवेना. मी आयुष्यभर घड्या घातल्या होत्या. कापडाच्या घडीला नोटांच्या गठ्ठ्याची जाडी आणि वजन कसं द्यायचं, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

सुनेला एका दुपारी बाजारात जायचं होतं. "काकू, तुम्ही बसाल का तासभर?" तिने आपणहून विचारलं. मला वाटलं होतं देव वगैरे काही मध्ये येईल, पण सगळं अगदी सोपं झालं. शिडी खुर्चीत डुलकी घेत होती. मी आत गेले, उशीत हात घातला. गठ्ठा रुग्णालयाच्या जुन्या अभ्र्याच्या तुकड्यात बांधलेला होता, निळ्या काठाच्या. मला वाटलं होतंच; मी माझा तुकडाही त्याच काठाचा आणला होता. आतल्या नोटा सगळ्या तळव्याएवढ्या घडीच्या, एकावर एक, आणि सगळ्यात वर माझं परतीचं भाडं. एकही कमी नसणार, हे मला मोजायच्या आधी कळलं, आणि म्हणून मी मोजल्या नाहीत. त्यांच्या जागी माझी घडी ठेवली, अभ्रा सारखा केला, उशी होती तशी ठेवली. मागे वळले तर शिडी दारात उभी. किती वेळ होती कोण जाणे. आमची नजरानजर झाली. मग ती सावकाश वळली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून, मी खोलीतून बाहेर पडेपर्यंत.

तिला काय कळलं, हे मी आजही ठरवू शकत नाही. कोणीतरी काहीतरी ठेवतंय, तर बघायचं नसतं, एवढंच शरीराला आठवलं असेल. किंवा त्याहून जास्त. बँकेत खिडकीमागच्या मुलाने नोटा मोजायच्या यंत्रात घातल्या तर यंत्राने त्या थुंकल्या. त्याने पुन्हा घातल्या, पुन्हा थुंकल्या. "मावशी, घड्या घातल्यात की काय केलंय? यंत्र घेत नाही." मी म्हटलं, यंत्राला नाही जमत ते. मग मी खिडकीच्या फळीवर एकेक नोट तळव्याने सपाट करत उभी राहिले, मागच्या रांगेने चुळबुळ केली, आणि तो हाताने मोजत गेला. अनामतीएवढे वेगळे काढले. उरलेल्यातून दर महिन्याला थोडे कुठे कुठे घालायचे, ते बचतबाईने मला बसवून समजावलं. मी सगळं ऐकलं, बरंच समजलं. खात्याचा अर्ज मी माझ्या हाताने भरला. नाव लिहिताना त्या मुलाला घाई झाली होती, पण मी अक्षर सोडलं नाही. आता माझ्या नावावर काहीतरी आहे. खोलीची कडी आतून लागते. पहिल्या रात्री मी ती तीन वेळा काढून लावली आणि झोप मात्र आली नाही. आपलं सगळं आपल्यापाशीच असलं की बाहेर लक्ष ठेवायला कोणी उरत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून मी जाते. पगार झाला की दुसऱ्या दिवशी. बचतबाईच्या हिशेबात हे कुठेच बसणार नाही. सुनेला आता सवय झालीय. ती मोठी चादर माझ्यासाठी राखून ठेवते. पहिली घडी, दुसरी घडी, आणि तिसरीला माझ्या तळव्यातली नोट तिच्या तळव्यात. खरी नोट. ती आत जाते, मी पाठ फिरवते. भिंतीवर एक खिळा आहे, त्याच्याकडे बघते. परवा बाहेर येऊन ती माझ्याजवळ वाकली, तोंड कानाशी आणलं आणि म्हणाली, "ती भेटली तुम्हाला तर सांगा. सगळं जागच्या जागी आहे. मी रोज बघते."

"सांगते," मी म्हटलं.

तिने डोळे बारीक केले. माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, खूप वेळ.

"रडताय का?"

"छे गं," मी म्हटलं, "हसतेय," आणि दार लागून जिना संपेपर्यंत मी हसत राहिले.